येताना घर आणू नको

फोन आला तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. गाडी ताम्हिणीच्या अलीकडे एका ढाब्याच्या मोकळ्या जागेत उभी होती आणि मी आतल्या ओट्याशी कोथिंबीर निवडत होतो. फोन ईरण्णाचा, म्हणजे मल्लिनाथच्या धाकट्या भावाचा. "अण्णा गेले," तो म्हणाला. कधी, कुठे, कसे हे तीन प्रश्न मी त्याच क्रमाने विचारले. छत्तीस वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यावर माणसाला दुसरे काही सुचत नाही. उत्तरेही क्रमाने आली. दुपारी जेवला, दुधनीच्या घरात सोप्यावर आडवा झाला, चारच्या चहाला उठवायला गेले तेव्हा उठला नाही. "जेवून गेले बगा," ईरण्णा म्हणाला. त्या घरात याहून मोठे समाधान नसते. मग तो म्हणाला, "तुमचं जेवण..." आणि तिथेच थांबला. भावाच्या मरणाची बातमी देतानासुद्धा दुधनीचा माणूस समोरच्याला जेवण विचारल्याशिवाय फोन ठेवत नाही. "व्हायचंय," मी म्हणालो. तिसरी शिट्टी झाली. ती त्याला ऐकू गेली असणार, कारण त्याने लगेच फोन ठेवला.

पुरवणीसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी एकच अट घातली. मल्लिनाथ 'अजातशत्रू' होता असे मी लिहिणार नाही आणि दुसऱ्या कुणी ते शीर्षकात घालू नये. डेस्कवर असताना हा शब्द मी मृत्युलेखांतून नेमाने कापत असे. श्रद्धांजलीच्या दिवशी दुधनीत चार वक्ते बोलले आणि चौघांनीही तो वापरला. हे तथ्याला धरून नाही. मल्लिनाथला शत्रू होता. निदान एक होता, हे मी खात्रीने सांगू शकतो. आमच्या भांडणात जमीन नव्हती, पैसा नव्हता, राजकारण नव्हते. भांडण जेवणाचे होते. कोण कुणाच्या घरी जेवतो आणि कोण ताटावरून उठतो, एवढाच प्रश्न होता. सोलापूरच्या दक्षिणेला हा प्रश्न लहान समजला जात नाही.

आमची ओळख सोलापुरातल्या वसतिगृहातली. मी करकंबच्या शिंप्याचा मुलगा, तो दुधनीच्या अडत व्यापाऱ्याचा. एका खोलीत दोन खाटा. मेसचे पैसे मला दोन महिन्यांच्या पुढे भरता आले नाहीत. त्याच सुमारास त्याच्या घरून येणारा डबा तीन पुड्यांचा होता तो पाच पुड्यांचा झाला. अडत दुकानाचा एक माणूस रोज सकाळच्या पॅसेंजरने सोलापूरला येई, तो डबा वसतिगृहाच्या फाटकावर देऊन जाई. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी, सणावाराला शेंगापोळी. मल्लिनाथने "जेव" असे कधी म्हटले नाही. डबा उघडून अर्धा माझ्याकडे सरकवायचा आणि स्वतः खिडकीबाहेर बघत जेवायचा. तीन वर्षे हे चालले. मी त्याबद्दल कृतज्ञ होतो. पण तीन वर्षे रोज दोन वेळा कृतज्ञ राहणे ही गोष्ट ज्याने केली आहे, त्यालाच ती कशी असते ते कळेल.

सुट्टीत एकदोनदा त्याने मला दुधनीला नेले. त्या घरातली वाढण्याची रीत मी तिथे पाहिली. पहिले वाढप हे मोजतच नाहीत. पाहुण्याने "पुरे" म्हणायचे, वाढणारीने ऐकायचे नाही. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा, वाढणारीने हाताच्या फटीतून पोळी सरकवायची. दुसरी, तिसरी, मग अर्धी. मल्लिनाथची आई मराठीत "घे", कानडीत "तिन्नु" म्हणत माझ्या डोक्यावर उभी राही. पाहुण्याने स्वतःच्या तोंडाने मात्र काही मागायचे नाही. मागणे म्हणजे यजमान कमी पडला असे जाहीर करणे किंवा आपली लाज सोडणे. त्या वाढण्यात आग्रह हा खरा पदार्थ होता. बाकीचे तोंडी लावायला.

पुढे मी पत्रकारितेत गेलो, पुण्याला स्थिरावलो. तो अडतीवर बसला, पण बसला असे म्हणणेही बरोबर नाही. दुकान ईरण्णा चालवी. मल्लिनाथ स्कूटर घेऊन जिल्हाभर देवळे, वीरगळ, बारवा बघत फिरे आणि येईल त्या पाहुण्याला ते दाखवी. या दाखवण्याबद्दल सभेत बरेच बोलले गेले. त्यात एक गोष्ट सुटली, ती नोंदवतो. तो दाखवत असताना पाहुण्याला स्वतःच्या इच्छेने कुठे उभे राहण्याची मुभा नसे. "आधी डोळ्यानं बग, मग फोटू काड," हे तो परक्या बायकांनाही सुनावी. त्याने सांगितलेल्या इतिहासातला बराचसा भाग मला कुठेही सापडला नाही. "आधार काय याला?" असे विचारले तर तो म्हणे, "माजा आज्जा." त्यावर पुढे चर्चा होत नसे.

माझ्या मुलीचे लग्न पुण्यात झाले. जेवण बुफे होते. मल्लिनाथ गौराक्कांना, म्हणजे बायकोला, घेऊन आला, आहेर दिला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवणाच्या रांगेपाशी येऊन थांबला. मी म्हणालो, ताट घे. तो म्हणाला, "आमी उभ्यानं जेवत न्हाय. उभ्यानं जनावरं खात्यात." शेजारी माझे व्याही उभे होते. हसून सोडून द्यावे इतकीच ती गोष्ट होती. पण तो पुढे बोलला. व्याह्यांकडे वळून, आवाज न चढवता, बातमी सांगावी तसा म्हणाला, "ह्याला मी तीन वर्सं खाऊ घातलंय. आज ह्यानं मला ताट घिऊन रांगेत हुबा केला." आणि दोघे न जेवता गेले. स्वारगेटला जाऊन एसटीत बसले. गौराक्कांनी जाताना मागे वळून पाहिले, त्याने पाहिले नाही. मुलीच्या सासरी पुढची काही वर्षे माझी ओळख 'ते, ज्यांना मित्राने जेवू घातले होते' अशी होती. हे मला कुणी सांगितले नाही. पण बोलता बोलता लोक अचानक थांबू लागले की आपला विषय चालला होता हे कळते.

निवृत्तीनंतर मी एक नवी बारा आसनी गाडी घेतली आणि आसने काढून आत घर बसवून घेतले. एक पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी, मागे छोटा संडास. बायको गेल्यानंतर मला कुणाच्या घरी उतरणे नकोसे झाले होते आणि लॉजच्या चादरी त्याहून नकोशा. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून प्रवासवर्णनाचे एक पुस्तक करावे असा बेत होता. सोलापूर जिल्ह्याचे प्रकरण मल्लिनाथला वगळून होणार नव्हते. लग्नानंतर आमचे बोलणे जवळजवळ बंद होते. तरी मी फोन केला. तो म्हणाला, "ये की. दावतो." एवढेच.

पौषातल्या एका दुपारी दोनच्या सुमारास मी दुधनीत पोचलो आणि गाडी त्याच्या दारासमोर लावली. गौराक्कांनी ओसरीवर तांब्याभांडे आणि गुळाचा खडा आणून ठेवला. मी म्हणालो, साखरेचा त्रास आहे, आणि पाणी गाडीत आहे, गाळलेले. तांब्या तसाच राहिला. त्या म्हणाल्या, जेवायला अर्ध्या तासात वाढते. मी म्हणालो, तुम्ही त्रास घेऊ नका, माझे मी करतो. मग गाडीत गेलो, डाळतांदूळ धुतले आणि कुकर लावला. खिडक्या उघड्या होत्या. चार शिट्ट्या झाल्या. दुधनीतली ती गल्ली दुपारी शांत असते. तिसऱ्या शिट्टीला समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली आणि तिने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "मल्लप्पा, पाव्हणा उपाशी ठिवला व्हय रं?"

मल्लिनाथ ओसरीवरून उठून गाडीच्या दाराशी आला. आत पाय टाकला नाही. शेगडी, कुकर, भिंतीला अडकवलेले झारे आणि पळ्या, पलंगावरची चादर, सगळे त्याने पाहिले.

"आमच्यात उतरायचं न्हाय म्हणून घर घिऊन आलास व्हय?" तो म्हणाला.

"तसं काही नाही," मी म्हणालो.

"संडास बी हाय म्हणं आत."

"आहे."

"म्हंजे तुला जगात कुणाचंच काय लागत न्हाय," तो म्हणाला. "चांगलं हाय की. उद्या सकाळी सातला निगायचं. मी म्होरं, तू मागं."

गूळ न घेणे ही तब्येतीची बाब होती, खिडक्या उघड्या राहिल्या हे उन्हामुळे, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. आता त्यात दुरुस्ती करणे आवश्यक आहे. सोलापूर ते दुधनी वाटेत जेवणासारखी दहा ठिकाणे होती. मी कुठेही थांबलो नाही. मला कुकर त्याच्या दारातच लावायचा होता.

पुढचे पाच दिवस तो माझ्या गाडीत बसला नाही. सकाळी सातला स्कूटर सुरू करायचा आणि पुढे निघायचा, मी मागे. अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला मफलर, अंगात भावाचे जाड जाकीट. अक्कलकोट, तिथून पुढे हत्तरसंग कुडल. मी काच खाली करून दोनदा ओरडलो, थंडी आहे, आत बस. त्याने ऐकले नसल्याचे दाखवले. प्रत्येक गतिरोधकाआधी मात्र तो डावा हात वर करायचा आणि तळवा खाली दाबत मला हळू व्हायला सांगायचा. मला ती काळजी वाटली. कुडलला पोचल्यावर त्याने खुलासा केला. "तुजी भांडी वाजत्यात. लोकं वळून बगत्यात. लाज मला वाटती."

कुडलला भीमा आणि सीना एकत्र होतात. तिथल्या देवळात तुळईवर जुना मराठी लेख कोरलेला आहे, आणि एक शिवलिंग आहे, ज्यावर असंख्य तोंडे कोरली आहेत. मल्लिनाथने मला त्या लिंगासमोर पाव तास उभे केले. बोलू दिले नाही, लिहू दिले नाही. मग म्हणाला, "किती तोंडं हायत बग. एक तरी जेवताना दिसतंय का?" मी म्हणालो, नाही. "मग तुजंच देवूळ हाय हे," तो म्हणाला. दुपारी तो घाटावरच्या पायरीवर बसला, पिशवीतून भाकरी काढली आणि पाठ करून जेवला. मी गाडीत जेवलो. मधे चाळीस पावलांचे अंतर होते. आमच्यातले कुणीही ते चालले नाही. मी त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली तेव्हा तो म्हणाला, "माज्या घरचं पाणी तू घेतलं न्हाईस. तुज्या घरचं मी कसं घिऊ?" आणि नदीवर जाऊन ओंजळीने प्यायला. ते पाणी पिण्यासारखे नव्हते. ते त्यालाही माहीत होते.

माचणूरला असेच झाले. भीमेच्या पात्रात तिथे एक छोटे देऊळ आहे, पाणी कमी असले की चालत जाता येते. त्याने जागा दाखवली, चालण्याची वाट दाखवली, आणि मी घसरलो तेव्हा हात दिला नाही, काठावरून म्हणाला, "उठ की. तुला कुणाचं काय लागत न्हाय." मी त्याला तिथे सुनावले. त्याच्या आजोबांचा इतिहास थापा आहे, जिल्ह्यातला एकही अभ्यासक त्याला विचारत नाही, लोक त्याला फुकटचा वाटाड्या म्हणून वापरतात आणि माघारी हसतात. यातले शेवटचे खोटे होते. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तू पेप्रात किती वर्सं हुतास?" छत्तीस, मी म्हणालो. "आणि संपादक किती दिवस?" एकही दिवस नाही, मी मुख्य उपसंपादक म्हणून निवृत्त झालो, आणि हे त्याला माहीत होते. "बरं बरं," तो म्हणाला. "उप." त्यानंतर तो दिवसभर मला 'उप' म्हणत राहिला. उप, हिकडं बग. उप, पाय संबाळ.

संध्याकाळी तो सोलापुरात मेहुण्याकडे उतरे आणि मी एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावून झोपे. मेहुण्याकडे मलाही बोलावणे होते. मी गेलो नाही. या सगळ्यात त्याने दाखवलेले जे काही माझ्या वहीत आहे, ते चांगले आहे, हेही लिहिले पाहिजे. कोणत्या वेळी कोणत्या बाजूने ऊन आले की झिजलेल्या वीरगळावरचा घोडा दिसतो, हे त्याला ठाऊक होते आणि तो बरोबर त्या वेळेला तिथे नेऊन उभा करी. पुस्तकाचे ते प्रकरण लिहून झाले आहे. त्यातली निम्मी वाक्ये त्याची आहेत.

शेवटचा मुक्काम केम. करमाळा तालुक्यातले हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. मी ते मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण केमहून पुण्याला परस्पर निघता येते. दुधनीला परत जावे लागत नाही आणि निरोपाचे जेवण टाळता येते. मल्लिनाथने हे पहिल्याच दिवशी ओळखले असणार. पण केमपर्यंत स्कूटरने जाणे त्यालाही शक्य नव्हते. आदल्या दिवशी तो दुधनीला घरी गेला. मला वाटले, आता बसेल गाडीत किंवा येणार नाही. सकाळी मी केमला पोचलो तेव्हा तो स्टेशनच्या बाकावर बसला होता. पहाटेची गाडी धरून आला होता. "रेल्वे बरी," तो म्हणाला. "शेकडो मानसं हायत, पर कुणी कुकर लावत न्हाय."

त्याच्या शेजारी बाकावर डबा होता. पाच पुड्यांचा, पितळी, वरच्या कडीला दोरी गुंडाळलेली. चाळीसहून जास्त वर्षांनी पाहिला तरी ओळखू आला. दुधनीहून रेल्वेने आला होता, जसा पूर्वी येत असे. या वेळी आणणारा अडतीवरचा माणूस नव्हता.

"गौरीनं पाटलाय," तो म्हणाला. "बस."

त्याने एकेक पुडा काढून बाकावर मांडला. मी उभाच होतो.

"माझं झालंय," मी म्हणालो.

इथे दुसरी दुरुस्ती. माझे झाले नव्हते. सकाळपासून चहाखेरीज पोटात काही नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले, मग स्टेशनबाहेर उभ्या गाडीकडे पाहिले. "आज शिट्टी काय ऐकू आली न्हाय," तो म्हणाला. थोड्या अंतरावर दोन धनगर बाया गाठोडी घेऊन बसल्या होत्या. त्याने त्यांना हाक मारली, "अक्का, या की हितं. घ्या, खावा. पाव्हणा जेवलाय." त्या बिचकल्या. एक म्हणाली, "आन् तुमी, आप्पा?" तो म्हणाला, "मी बी जेवलोय." तोही खोटे बोलत होता. त्याने त्या दोघींना आग्रह करकरून वाढले. एक शेंगापोळी, दुसरी, नको नको म्हणताना तिसरी. "लई हाय, घ्या की." मी तिथे उभा होतो. गावात आम्ही कुंकवाचे कारखाने पाहिले, देऊळ पाहिले, आणि परत स्टेशनवर आल्यावर तो रिकामा डबा घेऊन रेल्वेत चढला. मला हात केला नाही. मी इंदापूरजवळ थांबून मॅगी केली.

त्यानंतर चार महिन्यांनी त्याचा फोन आला. तो फोन शेवटचा ठरला. सुरुवात नेहमीचीच, कानडीत, "ऊटा आतेनू?" जेवण झाले का. तिकडे लोक नमस्काराऐवजी हेच विचारतात.

"झालं," मी म्हणालो.

"काय केलतंस?"

"खिचडी."

"हं... मला बरं न्हाय रं. म्हंजे हिंडतोय फिरतोय, पर दम लागतोय. स्कूटर भावानं लपवून ठिवलीया." मी तब्येतीची चौकशी केली, कोणते डॉक्टर, कोणत्या गोळ्या. त्याने त्यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. म्हणाला, "येकदा येऊन जा की. आणि वसंता..." वसंता ही हाक त्याने माझ्या मुलीच्या लग्नानंतर मारली नव्हती. "येताना घर आणू नको."

"बघतो," मी म्हणालो.

या शब्दाचा अर्थ वर्तमानपत्रात नोकरी केलेल्या कुणालाही माहीत आहे. डेस्कवर आलेल्या बातमीला 'बघतो' म्हटले की ती छापायची नाही असे ठरलेले असते. मल्लिनाथने वर्तमानपत्रात नोकरी केली नव्हती, पण मला तो ओळखत होता. तो म्हणाला, "बग," आणि फोन ठेवला. मी तीन आठवडे बघितले. त्यात पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रकही दोनदा बघितले. मग ताम्हिणीकडे निघालो.

समाधीच्या, म्हणजे दफनाच्या, वेळी मी पोचू शकलो नाही. प्रसादाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या जेवणाच्या, दिवशी गेलो, रेल्वेने, हातात एक पिशवी घेऊन. दुधनी स्टेशनवरून घर पंधरा मिनिटांवर आहे. ओसरीवर तांब्याभांडे आणि गूळ ठेवलेला होता, येणाऱ्या प्रत्येकासाठी. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पाणी प्यालो. माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. समोरच्या घरातली म्हातारी फक्त म्हणाली, "गाडी कुटं हाय, पाव्हणं?" पुण्यालाच ठेवली, मी म्हणालो. "आता व्हय," ती म्हणाली.

वक्ते बोलले. अजातशत्रू, चार वेळा. मग अंगणात पट्ट्या टाकल्या गेल्या आणि पंगत बसली. पत्रावळीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वर तूप. भात, सार, भरली वांगी, शेंगाची चटणी. वाढायला घरातल्या सुना आणि भावकीतल्या बायका होत्या. माझ्या ओळीत मात्र गौराक्का स्वतः आल्या. माझ्यापुढे थांबल्या. "कुंद्रि," म्हणाल्या, म्हणजे बसा. मी बसलेलोच होतो. हुग्गीची एक पळी वाढली, तूप वाढले आणि पुढे गेल्या.

दुसरी फेरी आली. माझ्या डाव्या बाजूला दुधनीचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी हात आडवा धरला, गौराक्कांनी हाताखालून हुग्गी सोडली. "घ्या की मास्तर, त्येंच्या नावानं." उजव्या बाजूला अक्कलकोटचा कुणी पाहुणा. त्याने पुरे म्हटले, त्याला दोन पळ्या. माझ्यासमोरून त्या न थांबता गेल्या. मी हात आडवा धरलेला होता, सवयीने, तरुणपणीच्या. तो तसाच राहिला. तिसरी फेरी आली. मास्तरांना पुन्हा, पाहुण्याला पुन्हा, मला नाही. पंगतीत हे लक्षात येत नाही असे कुणी समजू नये. मास्तरांनी माझ्या पत्रावळीकडे पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

चौथ्या वेळी त्या जवळ आल्या तेव्हा मी हळूच विचारले, "अक्का, माझं काही चुकलं का?" त्यांनी पळी भांड्यात ठेवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, थकवा होता. "तुमच्याशी फोनवर बोलले न्हाय का ते," त्या म्हणाल्या, "त्या सांजंला मला सांगून ठिवलं. 'बगतो म्हणालाय. आता जवा येईल तवा जेवू घाल. पर आग्रह करू नको.' मी म्हटलं, असं कसं हो? म्हणाले, 'आमच्या घरचं त्याला पायजेल आसंल तर मागंल.' मी शब्द दिलाय त्यास्नी." आणि पळी उचलून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

योजना नीट आखलेली होती. यात कुठेही ढिलाई नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. पाहुण्याला उपाशी ठेवले असे कुणी म्हणणार नाही, आणि पाहुण्याला पाहुणा म्हणून वागवले असेही नाही. उठून जाणे मला शक्य होते. पुण्याच्या मंगल कार्यालयात रांगेपाशी त्याला शक्य होते, तसेच. दुपारची गाडी मिळाली असती. पत्रावळीवर हुग्गी संपली होती आणि मला भूक होती. भूक होती हे मी कुणापाशी शेवटचे कबूल केले ते वसतिगृहात असताना, तेही न बोलता.

"अक्का," मी म्हणालो. त्या तीन माणसे पुढे गेल्या होत्या, त्यामुळे आवाज चढवावा लागला. "मला आणखी वाढा."

गौराक्का वळल्या. परत आल्या. हुग्गीची पळी वाढली, दुसरी वाढली, वर तूप. "आनि?" त्यांनी विचारले.

"आणखी," मी म्हणालो.

त्यांनी वाढले. मी जेवलो. समोरच्या भिंतीला त्याची स्कूटर टेकवून ठेवली होती. ईरण्णाने लपवलेली ती बाहेर काढलेली दिसत होती. हँडलला मफलर बांधलेला होता. निघताना गौराक्कांनी कापडात बांधलेल्या कडक भाकऱ्या दिल्या, त्याही न विचारता. मी नको म्हटले नाही.

गाडी अजून आहे. या महिन्यात कोकणात जाऊन आलो. गतिरोधक आला की पुढे कुणी नसतानाही मी वेग कमी करतो, आणि पुढच्या वाहनाच्या मागे एका स्कूटरपुरती जागा सोडून चालवतो. मागचे हॉर्न वाजवतात. चालकाशेजारच्या आसनावर कंपनीने घातलेले प्लास्टिक अजून तसेच आहे, त्यावर कधी कुणी बसले नाही. कुकर मात्र पुण्याच्या घरी काढून ठेवला आहे. भात आता पातेल्यात करतो, झाकण ठेवून, मंद आचेवर. वेळ जास्त लागतो. बाहेर आवाज जात नाही.